बंद केलेला शब्द

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. त्यांची आई आत तपासणीला गेली होती.

"ताई, परवा आमची तिमाहीची मीटिंग चक्क जेवणाआधी संपली."

"एरवी अख्खा दिवस खाते ना ती?"

"मी एक शब्दच बंद करून टाकला. 'बघू'. कुठलंही काम निघालं की सगळे म्हणायचे 'बघू', आणि पुढच्या तिमाहीत तेच काम पुन्हा दारात उभं. आता एक तर 'करतो' म्हणायचं, नाहीतर सरळ 'नाही'."

"आणि ऐकलं लोकांनी?"

"आधी तोंडं वाकडी केली. पण अर्धी कामं तिथल्या तिथे गळाली आणि उरलेल्यांना वाली मिळाला."

"छान केलंस. मग आईला पुढचे तीन महिने तुझ्याकडे नेतोस?"

"बघ..."

"काय?"

"नाही, ताई. नाही जमणार."

"बरं. घरी गेले की तिची बॅग रिकामी करते."

"कुठली बॅग?"

"मागे तू 'बघू' म्हणालास ना, तेव्हापासून भरून ठेवलीय तिनं."