याडीची बाटली

कंपाउंडर म्हणजे नुसता पाणी मिसळणारा, असं कोणी म्हटलं की मी हाच किस्सा ऐकवतो. साठ सालाच्या आसपास मी फुलसावंगीकडच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. तेव्हा लोक औषधासाठी बाटली घरूनच आणत. खोकल्याच्या औषधाची बाटली मी गरम पाण्यानं विसळून भरायचो. डोळ्याच्या औषधाची मात्र चांगली वीस मिनिटं उकळायचो.

एकदा तांड्यावरची म्हातारी आली. तिले आम्ही सगळे याडी म्हणायचो, म्हणजे आई. तिले एकाच डोळ्यानं दिसे, आन् नेमका तोच सुजलता. मी बाटली उकळली, थंड केली, औषध भरून बूच लावून दिली. तिनं तिथंच बूच काढलं आन् पदरानं बाटलीचं तोंड पुसलं. मी बाटली हिसकली अन् औषध ओतून दिलं.

"काहून फेकलं रे? लुगडं सकाळीच धुतलं मी!"

"याडी, घाण पोटात गेली तर पोट निस्तरते. डोळ्याले नाही जमत. उकळल्याबिगर त्याले काहीच लागू देऊ नोको."

पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

आठ दिवसांनी याडी आली, डोळा लख्ख. डॉक्टरसाहेब कोणाचं तरी गळू दाबून उठले होते. तोच हात त्यांनी याडीच्या डोळ्याकडं नेला. ती झटक्यात मागं सरकली.

"साहेब, हात उकळून आणला का?"

साहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. मी छताकडं.

चार वर्षांत साहेबांनी हाताले साबण लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाह्यला.