अमेलियाबाईचं विमान आणि आबांची सही

गुंडा : सही मागनं. आदी सांग, ती बाई गेली कुटं?

संयोगिता : आबा, हा माझा विमान शिकायचा फॉर्म आहे. त्यात अमेलिया इअरहार्ट कुठून आली?

गुंडा : तूच दावलीस मोबाईलवर. एकोणीसशे सदतीस साली इमानातनं जगाला फेरी माराय निघाली आन् समुद्रावर गडप. तू बी बारामतीला त्येच शिकाया जाणार. तुजा बाप पोस्टिंगवर, तू सतराची, सही माजी. मग इचारू नको व्हय? नशिबानं गेली आसंल तर सही न्हाई. चुकीनं गेली आसंल तर करतो. चूक शिकून टाळता येती.

संयोगिता : बरं, ऐका. तीन मतं आहेत. पेट्रोल भरायला उतरायचं ते बेट सापडेना, पेट्रोल संपलं, समुद्रात पडली. किंवा दुसऱ्याच ओसाड बेटावर उतरली आणि तिथंच गेली. नाहीतर जपान्यांनी धरली.

शालूबाई : चौथं मी सांगती. घरला ह्यांच्यावाणी फौजी आसंल, दिसभर हुकूम सोडणारा. गेली आसंल निघून.

गुंडा : तू शेंगा फोड गं! संयु, जपान्याचं काय खरं न्हाई. येवढी नावाजलेली बाई धरल्याव जगात बोभाटा झाला नसता व्हय?

संयोगिता : मलाही तेच वाटतं. त्या ओसाड बेटावर हाडं सापडली होती, पण ती पुढं हरवली. आता कोण सिद्ध करणार?

शालूबाई : हाडं हरवली? म्हंजी सायबांच्या कचेऱ्या बी आपल्यासारख्याच की!

संयोगिता : म्हणून माझं मत पहिलं. उतरायच्या बेटापाशी जहाज तिची वाट बघत होतं. तिचा आवाज त्यांना स्पष्ट येत होता. म्हणाली, आम्ही तुमच्या जवळच असणार, पण तुम्ही दिसत नाही, पेट्रोल कमी आहे, रेडिओवर तुमचा आवाज येत नाही.

गुंडा : थांब. तिचं जहाजवाल्यास्नी ऐकू येत हुतं, त्यांचं तिला न्हाई?

संयोगिता : हो.

शालूबाई : आवं, सांगा की तिला. मलाच किती वर्सं सांगणार?

गुंडा : फौजेत सिग्नलमधी, वायरलेसवर हुतो तवा बर्फात आमची गस्त गेली. त्यात जोतिबा हुता, मेढ्याचा. लय जीव हुता माजा त्येच्यावर. वायरलेसचा एक सेट माज्यापाशी, दुसरा त्येच्यापाशी. वादळ सुटलं आन् मी घाबरलो. 'जोत्या, बोल, जोत्या, बोल' म्हणत बटण दाबूनच धरलं. ते दाबलेलं आसलं की पलीकडचं ऐकू येत न्हाई. आंगठा उचलला तवा दोनच शब्द आलं. 'ऐक रं.' मग काय न्हाई.

संयोगिता : सापडले?

गुंडा : बर्फ वितळल्याव बी न्हाई. कुणी म्हणालं दरीत गेला, कुणी म्हणालं कडा कोसळला. मला ठावं हाय. मी ऐकलं न्हाई.

संयोगिता : आबा, सात वर्षांची होते तेव्हा उसात हरवले होते. आठवतंय?

गुंडा : न आठवायला काय झालं? डोक्याच्या वर ऊस.

संयोगिता : रडत धावत होते. बांधावरून तुम्ही ओरडलात, 'पळू नगंस. एक हाळी दे आन् गप ऱ्हा. माजी हाळी आली की तिकडं चाल.' तीन हाळ्यांत बाहेर आले. ते तुम्ही जोतिबांमुळं शिकलात ना?

गुंडा : व्हय. फुकट न्हाई घालवला त्येला.

संयोगिता : मग तिचीही चूकच असणार, नशीब नव्हे; आणि हाक देऊन थांबून ऐकायचं, हे मला दहा वर्षांपासून येतंय. अमेलियाला सांगणारं कुणी नव्हतं, मला तुम्ही आहात.

(गुंडा चष्मा पुसतो.)

गुंडा : पेन आण. न्हाई, ह्यो नगं, निळा आण. फॉर्मवर निळाच चालतो.

शालूबाई : बाये, विमान खाली उतरलं की रोज घरला फोन कर. ह्यांच्याच फोनवर कर, न्हाईतर जेवायचं न्हाईत.

गुंडा : करू दे. ह्या बारीला आदी मी ऐकून घेतो.