ताईंचा तिसरा जोड

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, माझ्या दुकानातले सहकारी, बाजारपेठेतले व्यापारी बंधुभगिनी, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली व घरची होऊन गेलेली सर्व मंडळी. मागे दाराशी उभे आहेत त्यांना विनंती, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. मी भाषण करणार म्हटल्यावर लोक दाराजवळची जागा का धरतात ते मला ठाऊक आहे, तरी या.

मी उठल्यापासून पहिल्या रांगेत कोणीतरी तोंडाला रुमाल लावून हसतंय. माझ्या पॅन्टकडे बघून हसताय, हेही मला माहीत आहे. जरा धीर धरा, या पॅन्टची हकीकत पुढे येणारच आहे.

त्याआधी एक काम उरकतो. ताईंचा हुकूमच आहे तसा. निवृत्तीचं ठरल्यापासून त्या माझ्या मागे लागल्या होत्या, "शेठ, मी गेल्यावर तुम्ही कोणाकडे बघणार? चारचौघांत एकदा सांगून टाका, म्हणजे कोणालाही विचारता येईल." मी टाळत होतो. वडिलांनी हाडाची काडं करून उभं केलेलं तयार कपड्यांचं दुकान. त्याचा मी एकुलता एक वारस. माझ्यातलं वैगुण्य कळलं तर गिऱ्हाईक हसेल, पेठ हसेल, ही भीती लहानपणापासून पोटात घेऊन वावरलो. पण आज ताईंना तोंड दाखवायचं आहे, तेव्हा सांगतो. मघाशी मी त्यांना लाल गुलाबांचा गुच्छ दिला. त्यात फुलं कुठे संपली आणि पानं कुठे सुरू झाली, ते मी नुसत्या आकारावरून ओळखलं. लाल, हिरवा, तपकिरी हे मला सगळे एकाच घरातले वाटतात. जन्मापासून. तुम्ही ज्याला आजवर विचारत आलात, "शेठ, हा रंग मला शोभतो का?" तो शेठ रंगांधळा आहे.

झालं. अध्यक्षमहाराज, तो पाण्याचा पेला जरा इकडे सरकवा.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं निभावलं कसं? ताई यायच्या आधी मी फक्त नोकरांना हाका मारायचो. "तो डावीकडून तिसरा काढ रे." गिऱ्हाइकाला वाटायचं, शेठला माल तोंडपाठ आहे. ताई नोकरीला लागल्या तेव्हा आठवडाही झाला नसेल, एक गृहस्थ मरून शर्ट मागायला आले. मी रुबाबात एक शर्ट उलगडला आणि म्हटलं, "काय मरून आहे बघा, या रंगाचा हा शेवटचा नग." गृहस्थ माझ्याकडे बघतायत, शर्टकडे बघतायत. तेवढ्यात ताई आल्या, शर्ट माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "शेठ, हा नको, याची काखेत शिलाई उसवलीय." आणि दुसरा ठेवला. शिलाई शाबूत होती. शर्ट हिरवा होता.

 दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला आलो तर या बाई माझ्या आधी हजर, बरोबर दोन हमाल. लालाच्या घरातला सगळा माल डाव्या भिंतीला, हिरव्याचा उजव्या भिंतीला, आणि मध्ये छतापर्यंत निळा. निळा मला दिसतो, अगदी छान दिसतो. म्हणजे त्या निळ्या भिंतीकडे तोंड केलं की डावा हात लाल, उजवा हात हिरवा. गिऱ्हाइकांना वाटलं, काय आधुनिक मांडणी केलीय. या पेठेतल्या आणखी तीन दुकानांनी ती मांडणी उचलली. ते तिघंही समोर बसलेत. तुम्हाला काही त्रास नसताना तुम्ही ती का केलीत, हे आता तुमचं तुम्ही बघा.

मग त्यांनी माझ्या कपाटाकडे मोर्चा वळवला. माझ्या पत्नीला हाताशी धरून सगळं बाहेर काढायला लावलं, आणि परत आत गेलं ते फक्त निळं, पांढरं आणि राखाडी. अंधारात हात घालून काहीही ओढलं तरी एकमेकांशी जमलंच पाहिजे, ही अट. आणि बूट? "बंदाचे काळे, बिनबंदाचे तपकिरी. हाताला कळतं ना? मग डोळ्यांचं काम काय?" तेव्हापासून लोक मला म्हणू लागले की शेठचं राहणं कसं नीटनेटकं आहे. मी मान डोलवायचो.

त्यातूनच पुढे त्यांची ती पद्धत निघाली, जिचा आपण सगळ्यांनी प्रसाद खाल्लेला आहे. दारातून कोणी आत आलं की ताई आधी पायांकडे बघणार. "पायात रोज हेच असतं का?" मग पुढचा प्रश्न, "याचे तीन सोबती घरी आहेत का?" हातातल्या शर्टाबरोबर, स्वेटराबरोबर घालता येईल अशा तीन गोष्टी सांगा, नाहीतर बिल होणार नाही. दोन रंग सगळ्यांशी जमवून घेणारे हवेत, आणि एक तुमच्या आवडीचा, तो कितीही भांडखोर असला तरी चालेल. बुटांचे दोन जोड कामासाठी, आणि जमलं तर तिसरा जिवाच्या हौसेसाठी. एकदा एका माणसाला त्यांनी पिवळाधमक कोट न देता घरी पाठवलं, तेव्हा माझा पारा चढला. म्हटलं, "ताई, आपण दुकान चालवतोय की शाळा?" तर शांतपणे म्हणतात, "शेठ, न घातलेला कोट रोज कपाटातून आपल्या दुकानाला शिव्या घालतो." तो माणूस महिन्याभरानं बायको, मेहुणा आणि सासऱ्यांना घेऊन आला. चौघांचेही पाय बघितले गेले.

आमचे आजचे अध्यक्ष समोरचे चपला-बुटांचे व्यापारी. त्यांनी एकदा माझ्याकडे रीतसर तक्रार केली होती की तुमच्या ताई लोकांना दोनच जोड पुरतात म्हणून सांगतात, आमच्या पोटावर पाय का आणता? ताईंनी त्यांना निरोप धाडला, "जे दोन घेतील ते चांगले घेतील, तुम्ही फक्त चांगले ठेवा." ठेवले त्यांनी. हसताय काय, अध्यक्ष, खरं आहे ना?

आता पॅन्ट. ताई मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या होत्या. हंगाम तोंडावर आलेला. त्या निघताना म्हणाल्या होत्या, "मी येईपर्यंत खरेदीला जाऊ नका." पण मालक कोण? मी. गेलो एकटा ठोक बाजारात. फिकट राखाडी रंगाच्या पुरुषांच्या पॅन्टी बघितल्या, कापड झकास, भाव झकास. व्यापारी नुसता छटेचा नंबर सांगत होता आणि मी जाणत्यासारखी मान हलवत होतो. गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. ताई परत आल्या, गठ्ठा सोडला आणि त्यांची डावी भुवई वर गेली.

या भुवईबद्दल सांगायला हवं. दुकानात गर्दी असताना मला विचारायला वेळ नसायचा. मी हातात कपडा धरायचो आणि लांबून ताईंकडे बघायचो. भुवई जागेवर, म्हणजे बरोबर. भुवई वर, म्हणजे ठेवून द्या. त्या दिवशी ती इतकी वर गेली की मला वाटलं आता खाली येते की नाही.

पॅन्टी गुलाबी होत्या. बाळाच्या झबल्याचा असतो तसा गुलाबी, असं सगळे म्हणतात, मला अजूनही राखाडीच दिसतात. हंगामाचा निम्मा माल. मी डोकं धरून बसलो. ताई समोर जाऊन तपकिरी बूट उसने घेऊन आल्या, काचेत पुतळ्याला गुलाबी पॅन्ट, वर निळा शर्ट, खाली ते बूट. आणि मला म्हणाल्या, "शेठ, उद्यापासून तुम्हीपण हीच घालायची." घातली. लोक आधी हसले, मग हात लावून बघायला लागले, मग "निळा शर्ट आहेच की घरी" म्हणत घेऊन गेले. त्यातली शेवटची मी विकली नाही. ती ही. आता मनसोक्त हसा.

आता थोडं मनातलं. निरोपाची भेट काय द्यावी, हा माझ्यापुढे प्रश्न होता. ज्या बाई तीन सोबत्यांशिवाय कोणाला रुमाल विकत नाहीत, त्यांना द्यायचं काय? एवढं लक्षात आलं की जगाला तिसऱ्या जोडाचं सांगणाऱ्या या बाईंकडे स्वतःचे दोनच जोड आहेत. म्हणून त्यांच्या यजमानांकडे मापासाठी गेलो. तीन सोबती शोधायचे म्हणून विचारलं, ताईंकडे कपडे कोणत्या रंगाचे आहेत? मला वाटलं ते म्हणतील निळे, पिवळे, पांढरे. कारण दुकानात मी त्यांना कायम त्याच रंगांत बघत आलो. तर ते हसून म्हणाले, "घरी सगळं लाल. लहानपणापासून तिला लालाचं वेड. दुकानासाठी म्हणून निळ्या-पिवळ्याचे चार ड्रेस वेगळे ठेवलेत. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाली, गर्दीत शेठना मी दिसायला हवी ना."

मंडळी, मला हे आजवर कळलं नव्हतं. मी मान वर करायचो आणि ताई दिसायच्या, मला वाटायचं त्यात काय मोठंसं. लाल घातलं असतं तर त्या डाव्या भिंतीत मला त्या सापडल्याच नसत्या. आवडीचा एक रंग ठेवा म्हणून गावाला सांगणाऱ्या बाईंनी स्वतःचा रंग माझ्यापायी रोज घरी ठेवला. ताई, याची परतफेड मला जमणार नाही, आणि तुम्ही गेल्यावर मी फार एकटा पडणार आहे, हे मी न लाजता सांगतो आहे. पण तुमचं ऐकलं. आता सगळ्यांना माहीत आहे, आता मी कोणालाही विचारीन.

हा खोका घ्या. यातले बूट लाल आहेत, असं अध्यक्षांनी मला शपथेवर सांगितलंय. मला ते ओल्या मातीसारखे दिसतात. मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, लाल म्हणजे नक्की कसा हो? तुम्ही म्हणालात, भरल्या दुकानात कोणीतरी मोठ्यानं हसावं तसा. तेवढ्यावर विसंबून घेतलेत. तीन सोबती तुमच्या घरी वाट बघतायत, मी खात्री करून आलोय. उघडा. उघडा ना, कोणी काही म्हणत नाही.

आपण सगळे आलात, या रंगांधळ्याचं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात उणंदुणं गेलं असेल तर पोटात घाला, आणि रंगात काही चुकलं असेल तर... थांबा, मला जरा ताईंच्या भुवईकडे बघू द्या.

जागेवर आहे.