हातावरचे एकशे एक

पुतण्यासाठी मुलगी पाहायला निघालेले किसनराव खामगावच्या स्टँडवर उंद्रीच्या बसची वाट पाहत होते. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

“तुह्या छकुलीले पाह्याले आलते ना? हातावर काय ठेवलं?”

“हातावर कायले? पोराच्या मामानं फोन काढला. म्हने, नंबर सांग माय. एकशे एक धाडले.”

“लयच सुधारेल लोक दिसतात. मंग, पसंत?”

“दुसऱ्या दिवशी नाही म्हनले. वरतून पैसे वापस मांगले.”

“हातावरचे पैसे कोनी वापस मांगते काय?”

“हातावर ठेवलेच कुठं, म्हने.”

“मंग धाडले?”

“छकुलीनंच धाडले. पोह्याचे ऐंशी कापून एकवीस.”

किसनरावांनी फोन खिशात टाकला आणि शंभराची नोट, रुपयाचं नाणं मिळतं का पाहायला ते पानठेल्याकडे निघाले.