डाव्या दाराचं हँडल

कुरिअरच्या रांगेत शिक्षिकाबाईंचे डोळे घड्याळाकडे होते. कान मात्र पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. आजोबांच्या हातात एक खोकं होतं.

“गाडी विकून महिना झाला, तरी घेणाऱ्याला पाठवायचे पलंगाखालचे सुटे भाग काही संपत नाहीत. अहो, एवढे हेडलाइट कशाला घेऊन ठेवलेत?”

“दर वेळी वाटायचं, आधीचा हरवला.”

“अकरा वर्षं दुरुस्त करत होतात. एकदा तरी फाटकाबाहेर गेली?”

“गेली की, महिन्यापूर्वी.”

“ट्रकवर चढून!”

काउंटरवरच्या माणसाने खोकं उघडायला लावलं.

“हेडलाइट कळले. हे काय?”

“डाव्या दाराची काच खाली करायचं हँडल. जुनं आहे, नंतर मी नवीन बसवलं.”

“चालतं का? तसं लिहावं लागतं.”

“कोण जाणे. कुणी फिरवलंच नाही कधी.”

“चालतं,” आजी म्हणाल्या. “मध्येच अडतं, तेव्हा जरा दाबून फिरवायचं.”

“तुला गं काय माहीत?”

“तुम्ही सुट्टीचा अख्खा दिवस गाडीखाली. मी भाजी निवडायला वर गाडीत जाऊन बसायचे.”

“मग काच कशाला खाली करायचीस?”

“तुमचं गाणं ऐकू यायचं.”

“मी? गाणं?”

“गाडीखाली असलात की गायचात. घरात कधी नाही ऐकलं.”

“आजोबा, रांग खोळंबलीय. काय लिहू?”

आजोबांनी हँडल उचलून खिशात टाकलं.

“फक्त हेडलाइट लिहा. हँडल हरवलंय.”