वितीला एक बोट

ईरण्णा : तिसऱ्यांदा सांगतो वलीभाई, ही लाकडी जीप ह्या चाकांवर उभी केली तर सगळं लोहारा गाव हसंल. म्हशीला बटणं लावल्यासारखं दिसतंय.

वली : मग मोठी कर की चाकं.

ईरण्णा : किती मोठी? तुमीच म्हणला, चाक सव्वातीन विती. वितीला एक बोट धरायचं ठरलं. मी सव्वातीन बोटांचं कातलं. तुमी म्हणला, चुकलास. दुसरं कातलं. ते बी तेवढंच निघालं. निघणारच की.

वली : लढाईत चार वरसं ब्रह्मदेशाच्या चिखलात असलीच गाडी चालवली म्या. तिचं चाक मला झोपेत बी कळतंय. हे तिचं न्हाय.

ईरण्णा : आन् स्टेरिंग? उजवीकडं बसवलं तर ते उपटायला लावलं.

वली : अमेरिकेची गाडी हाय. स्टेरिंग डावीकडंच असतंय. उजवीकडं चाँदबीची जागा.

ईरण्णा : वहिनी बसल्या होत्या व्हय जीपमधी?

वली : न्हाय. तू काम कर. परवा तिचा चाळिसावा हाय.

ईरण्णा : चाळिसाव्याला लोक फातेहा देतात, चार माणसं जेवू घालतात. जीप कोण करतंय?

वली : तिनं मागितली होती आन् तशीच गेली म्हणून. लढाईनंतर मी डायवर लागलो त्या कचेरीनं असलीच जुनी जीप घेतली न्हाय का? तिचं टप फाटलं, तवा साहेब म्हणाले, घरी नेऊन शिवून आण. दुपारभर दारात उभी होती. चाँदबीनं माप घेतलं, ताडपत्री शिवली. मग म्हणाली, वेशीपर्यंत बसवा मला.

ईरण्णा : मग?

वली : सरकारी गाडी हाय म्हणालो. बायको बसवली तर नोकरी जाईल.

ईरण्णा : गेली असती?

वली : भर उन्हात वेशीवर कुत्रं बी नव्हतं, ईरण्णा. ती म्हणाली, बरं, मग बारकी करून द्या, कोनाड्यात ठेवते. सहा वरसं करतो, करतो म्हणालो.

ईरण्णा : थांबा. माप वहिनींनी घेतलं?

वली : लांबी-रुंदी तिनं. भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. साडेसतरा आन् सव्वाआठ. अजून हायत. सारवताना पुसू दिल्या न्हायत.

ईरण्णा : आन् चाक?

वली : चाक म्या मोजलं, मागल्या महिन्यात.

ईरण्णा : तुमच्या हातानं?

वली : मग काय तुझ्या?

ईरण्णा : महादेवा! पंधरा दिवस मी माझ्या हत्याराला शिव्या घालतोय. धड वहिनींच्या वितीचं, चाक तुमच्या वितीचं. फावड्याएवढा पंजा तुमचा. जुळंल कसं? जावा, सगळी जीप तुमच्या हातानं मोजून आणा. धड नवं करतो.

वली : धड तिच्या मापाचं हाय. ते ऱ्हाऊ दे.

ईरण्णा : मग चाक बी तिच्याच वितीनं मोजाय पाहिजे. ते आता कोण मोजणार?

(वली आपला पंजा उलटसुलट करून पाहतो.)

ईरण्णा : बसा असं. उजवा हात ठेवा ह्या फळीवर. बोटं फाका. अंगठ्याला अंगठा लावला, तर वहिनींची करंगळी कुठं संपायची?

वली : इथं. दोन पेरं अलीकडं.

ईरण्णा : नक्की? अंदाजानं सांगू नका. तिसऱ्यांदा कातीन, चौथ्यांदा न्हाय.

वली : ईदच्या आदल्या दिवशी मेंदी लावली, की वाळंस्तवर हात माझ्या हातावर ठेवून बसायची. बावीस वरसं.

ईरण्णा : मग रेघ ओढतो. हात हलवू नका.

वली : न्हाय हलवत. सावकाश ओढ.