टोपलीची जागा

मुलांनो, १९९२ सालच्या केळव्यात चला. सायकलच्या दुकानात पंक्चरसाठी थांबलेल्या म्हाताऱ्या तात्यांशेजारी तुम्ही बसला आहात, असं समजा. समोर जाड टायरची नवी सायकल आहे, आणि ती घेऊन खाडीवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला निघालेल्या दादाशी आठ वर्षांची नलू भांडते आहे.

“चिंबोऱ्या काढायची आकडी दांडीला बांधलीस, ती ठीक हाय. पण मागं टोपली कशाला?”

“चिंबोऱ्या काय खिशात घालून आणू?”

“मागं मी बसते.”

“बसायचीस. आता टोपली बसेल.”

“माझ्यापेक्षा तिचेच लाड! तिला गादीपण घातलीस.”

“गादी नाय, ओलं गोणपाट हाय. त्यावर चिंबोऱ्या जित्या राहतात.”

“मला कधी घातलंस गोणपाट?”

“तू काय चिंबोरी हायस?”

“बिळात चिंबोरी हाय का नाय, ते मी सांगते. टोपली सांगेल तुला?”

“मी बघीन.”

“गेल्या खेपेला तूच बघितलंस. बोट घातलंस बिळात, केवढं सुजलं!”

“हळू बोल. ते आजोबा ऐकतात.”

“ऐकू दे.”

“नले, तू घरी जा. मी खाडीवर चाललो.”

नलूने दांडीवरची आकडी सोडवून हातात घेतली, मग ती मागच्या टोपलीत चढली आणि ओल्या गोणपाटावर मांडी घालून बसली.